हायलँड्समधले आठ दिवस: दाखवलेला कैकर आणि न दाखवलेला कॅपरकेली

माळचंडोल

गेल्या मे महिन्यात सोलापूरचा पारा ४३ वर होता, आणि आम्ही दोघं स्कॉटलंडच्या हायलँड्समध्ये पहाटे चारला हातमोजे घालून एका मिनिबसमध्ये गप्प बसलो होतो. परतल्यापासून ते आठ दिवस इथं मांडायचं मनात होतं. रविवारी हिप्परगा तलावावर पक्षी बघणाऱ्या आपल्या गटातल्या दोघांतिघांनी फोनवर विचारलंही, पण फोनवर सांगून होत नाही. म्हणून हा धागा. लांब झालाय, सवडीनं वाचा.

लेक एडिंबरात असते. तिच्याकडे जायचंच होतं, तेव्हा मधले आठ दिवस काढून गाइडबरोबरच्या एका पक्षीसहलीत आमची नावं घातली. सात पाहुणे, दोन गाइड, एक मिनिबस आणि स्पे नदीच्या खोऱ्यातल्या एका खेड्यात मुक्काम. हा सगळा भाग केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात येतो. २००३ साली झालेलं हे उद्यान ४,५२८ चौरस किलोमीटरचं, ब्रिटनमधलं सर्वांत मोठं. उद्यान म्हणजे आपल्यासारखं फाटक आणि तिकीट नाही. आत गावं आहेत, शेतं आहेत, मेंढरं आहेत, रेल्वे स्टेशनसुद्धा आहे.

उंचीचे आकडे ऐकून फसू नका. अख्ख्या ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर बेन नेव्हिस, १,३४५ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. पण सोलापूर साडेसतरा अंशांवर आणि हे सगळं ५७ अंश उत्तरेला. तिथं सहा-सातशे मीटरवर झाडं संपतात, आणि हजार मीटरवर मे महिन्यातही घळीघळींत बर्फ साचलेलं असतं. उजेड मात्र संपता संपत नाही. रात्री साडेनऊला सूर्य मावळायचा आणि पहाटे चारला परत फटफटायचं.

पहिल्या संध्याकाळी गाइडनं आम्हाला लॉक गार्टनला नेलं. लॉक म्हणजे तळं. भोवती जुन्या स्कॉट्स पाइनचं रान, खाली गुडघाभर हेदरची झुडपं आणि शेवाळ. पाऊल टाकलं की गादीवर टाकल्यासारखं वाटतं. तिथं कैकर पाहिला. होय, आपला उजनीवरचा मासेमार कैकर, ऑस्प्रे. आपल्याकडे तो हिवाळ्याचा पाहुणा. खांबावर बसलेला दिसतो, मासा पकडतो, निघून जातो. त्याचं घरटं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. इथं पाइनच्या शेंड्यावर काटक्यांचा बैलगाडीच्या चाकाएवढा ढीग, त्यात मादी बसलेली. नर पायात मासा घेऊन आला. माशाचं तोंड पुढं, अगदी विमानासारखं धरलेलं. मादी त्याच्याकडे बघून ओरडायला लागली, तेव्हा माझ्या हातातली दुर्बीण हलायला लागली.

त्या घरट्याची हकीकत गाइडनं सांगितली, ती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. शिकार आणि अंडी गोळा करण्याचा नाद यापायी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधून कैकरांची वीण संपली होती. १९५४ साली एक जोडी परत आली. १९५८ साली पहारा असतानाही रात्रीच्या अंधारात कुणीतरी झाडावर चढून अंडी पळवली, आणि त्या जागी कोंबडीची अंडी बुटाच्या पॉलिशनं रंगवून ठेवली. पुढच्या वर्षी आरएसपीबी या पक्षिसंस्थेच्या जॉर्ज वॉटरस्टन यांनी उलटा विचार केला. लपवून उपयोग नाही, तर घरटं लोकांना दाखवू. लांबून, दुर्बिणी लावून, चोवीस तास पहारा ठेवून. १९५९ च्या त्या एका हंगामात १४ हजारांच्या आसपास माणसं येऊन बघून गेली, आणि त्याच वर्षी पिल्लं उडाली. आज ब्रिटनमध्ये अडीचशेच्या वर जोड्या आहेत.

आता मिनिबसची पहाट. गाइडनं आदल्या रात्रीच बजावलं होतं: तीनला निघायचं, वास येणारं काही लावायचं नाही, आणि एकदा गाडी थांबली की पक्षी आपणहून उठून जाईपर्यंत कुणी उतरायचं नाही, खोकला आला तर रुमालात. मी बॅगेतून नेलेली सोलापुरी चादर गुडघ्यांवर घेतली. शेजारच्या इंग्लिश बाईंनी तिची किनार हातात घेऊन बघितली, मग अर्धी चादर त्यांच्याकडे सरकवली. दोघी एका चादरीत बसलो.

माळ, हेदर, दहिवर. काहीच दिसत नव्हतं, पण आवाज सुरू झाला होता. लांब कुठंतरी पाणी उकळत असावं किंवा खूप कबुतरं एकाच वेळी घुमत असावीत, तसा एकसुरी घुमारा. मधेच ‘च्यूऽश’ असा फुत्कार. उजाडलं तसे दिसायला लागले: ब्लॅक ग्राउसचे नर, अकरा. कोंबड्याएवढे, निळसर काळे, भुवईच्या जागी लालभडक मांसल पट्टी. शेपटी दोन्ही बाजूंना वळलेली, आणि ती उभारली की खालून पांढऱ्या पिसांचा झुबका फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखा बाहेर येतो. मान खाली घालून एकमेकांवर धावून जायचे, हातभर उडायचे, परत आपापल्या जागेवर. माद्या कडेला, तपकिरी, गवतात गवत. हे नरांचं एका ठरलेल्या जागी जमून नाचणं म्हणजे लेक. वर्षानुवर्षं जागा तीच. तास-दीड तासानं सगळे एकदम उडाले, तेव्हा गाइडनं किल्ली फिरवली.

गाडीत मी रडले. कारण हे मी पूर्वी पाहिलं होतं. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, पावसाळ्यात, पंचवीस-तीस वर्षांपूर्वी. माळढोकाचा नर उंचवट्यावर उभा, शेपटी पाठीवर उलटलेली, गळ्याची पांढरी पिशवी फुगून जवळजवळ पायांपर्यंत लोंबलेली, आणि तो खोल घुमणारा आवाज. तोही ठरलेल्या जागेवर येऊन नाचणारा. आणि तोही माणूस जवळ गेला की जागा सोडणारा.

तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकानं कॅपरकेलीचं विचारलं. कॅपरकेली म्हणजे टर्कीएवढा मोठा रानकोंबडा, जुन्या पाइनच्या रानात राहणारा. तो दाखवण्याचं गाइडनं सपशेल नाकारलं. तो म्हणाला, “हा पक्षी आपल्या यादीत नाही. तो वाटेत आडवा आला तर नशीब, पण शोधायला जायचं नाही.” स्कॉटलंडमध्ये हा पक्षी एकदा अठराव्या शतकात संपलेला आहे. १८३७ पासून स्वीडनहून आणून परत सोडला. आता परत घटत घटत पाचशेच्या आसपास उरलाय. नाचाच्या जागेवर, म्हणजे लेकवर असताना त्याला त्रास देणं हा २००४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण गाइड कायद्याच्या भीतीनं बोलत नव्हता. लहानपणी ज्या रानात आपण हा पक्षी ऐकला त्या रानात आता तो नाही, असं तो सांगत होता आणि रस्त्याकडे बघत होता.

त्या दिवशी आम्ही रानातून आखलेल्या वाटेनं चाललो. त्यानं फक्त एक कुंपण दाखवलं. हरणं आत येऊ नयेत म्हणून उंच तार लावलेली, आणि तारेला हातभर अंतरावर लाकडाच्या पट्ट्या बांधलेल्या. कॅपरकेली खालून वेगानं उडतो, बारीक तार त्याला दिसत नाही, धडकून मरतो. पट्ट्या दिसतात. मी त्यातल्या एका पट्टीवर हात ठेवला. ओली होती, शेवाळ धरलेली. राजस्थानात माळढोक विजेच्या तारांना धडकून मरतात आणि तिथंही तारांवर चकत्या टांगाव्या लागल्यात, हे मी गाइडला सांगितलं. त्यानं थांबून सगळं विचारून घेतलं. वजन किती, अंडी किती घालतो. एकच घालतो म्हटल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही.

बाकीचं भराभर सांगते. केर्नगॉर्मच्या उतारावर टार्मिगन पाहिला, अर्धा पांढरा अर्धा करडा, हिवाळ्याचा अंगरखा उतरवत असलेला, बोटांपर्यंत पिसं. त्याच माथ्यावर डॉटरेल. यात मादी भडक रंगाची आणि अंडी उबवतो नर. आपल्या रंगीत पाणलाव्याची आठवण आली. फिंडहॉर्नच्या खोऱ्यात सोनेरी गरुड दोनदा, लांब. लॉक रुथवेनवर स्लाव्होनियन ग्रीब, कानापाशी सोन्याच्या झुपक्यांसारखी पिसं. पाइनमध्ये क्रेस्टेड टिट, जी ब्रिटनमध्ये फक्त इथल्याच रानांत आहे. लाल खारी. मरे फर्थच्या चॅनोनरी पॉइंटला भरतीच्या वेळी डॉल्फिन इतक्या जवळ आले की त्यांचा श्वास ऐकू आला. आणि रस्त्याच्या कडेनं गॉर्सची पिवळी झुडपं, ज्यांच्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो. एक फूल तळहातावर घेऊन मी दिवसभर हुंगत होते.

माझ्या मनात तेव्हापासून एकच गोष्ट घोळतेय. कैकर लोकांना दाखवून वाचवला. कॅपरकेली लोकांना न दाखवून वाचवायला चाललेत. दोन्ही तीच माणसं, तेच रान. मग आपल्या माळाचं आपण काय करायचं? तुम्हाला काय वाटतं ते लिहा.

उजनीकाठ

ताई, वाचताना अंगावर काटा आला. कैकराबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडे धरणाच्या पाण्यावर नोव्हेंबर ते मार्च दोन-तीन तरी दिसतात. विजेच्या बुडालेल्या खांबांवर बसून मासा फाडत असतात. हे तुम्ही पाहिलेलेच का? म्हणजे तिथले इथं येतात का?

दुसरं. दाखवून वाचवायचं म्हणता, पण दाखवण्याची रीत महत्त्वाची. मी लहानपणापासून पाण्यावर आहे. रविवारी एकेका फ्लेमिंगोच्या थव्यामागे पाच-पाच नावा लागतात. पाहुण्यांना उडताना फोटो पाहिजे म्हणून नाव थेट थव्यात घालायची. दिवसातून आठ-दहा वेळा उठवलेला पक्षी खाणार कधी? मी माझी नाव लांब उभी करतो. त्यावरून गिऱ्हाईक तुटलेलं आहे, तोंडावर पैसे कमी दिलेले आहेत.

माळचंडोल

@उजनीकाठ, नाही, ते वेगळे. स्कॉटलंडचे कैकर ऑगस्ट-सप्टेंबरात निघून पश्चिम आफ्रिकेत जातात, सेनेगल-गांबियाच्या किनाऱ्यावर. आपल्याकडे उतरतात ते उत्तर आणि मध्य आशियाच्या बाजूनं येणारे. पण पक्षी तोच. त्यामुळे घरट्यावर बघताना मला उजनीच दिसत होती.

तुमचं नाव लांब उभी करणं मला फार मोलाचं वाटतं. आमच्या गाइडनं आठ दिवसांत एकदाही पक्षी उठवला नाही. लॉक रुथवेनला ग्रीब लव्हाळ्यात आत होती, चाळीस मिनिटं बाहेर आली नाही. कुणी टाळी वाजवली नाही, दगड टाकला नाही. एकाच्या हातात थर्मास, बाकीचे लाकडी आडोशात बाकावर. ती आपणहून बाहेर आली, तेव्हा पाठीवर पिल्लू नव्हतं, पण चोचीत लव्हाळ्याचा तुकडा होता. घरटं बांधत होती. उठवली असती तर हे दिसलंच नसतं.

तुम्ही नाव काढता तेव्हा निघायच्या आधी पाहुण्यांना दोन मिनिटं सांगत जा, की आपण इतक्या अंतरावर थांबणार आणि का थांबणार. आमचा गाइड आदल्या रात्रीच सांगायचा. पहाटे पाण्यावर सांगितलं की भांडण होतं, आदल्या रात्री सांगितलं की माणूस ऐकतो.

पहिल्यांदाच

काकू, नमस्कार. मी अजून कॉलेजात आहे, पक्षी बघायला लागून एकच वर्ष झालं. प्रवास, व्हिसा, खाणं, कपडे याबद्दल थोडं सांगाल का? माझा मामा लंडनला आहे. पुढं कधीतरी जायचं स्वप्न आहे.

आणि एक शंका. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावतात, ते तिथं करतात का? आमच्या कट्ट्यावर बरेचजण करतात.

माळचंडोल

@पहिल्यांदाच, बाळ, स्वप्न कशाला, जाशील की. प्रवासाचं म्हणशील तर सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून मुंबई, तिथून विमान. लंडनला उतरलास तर यूस्टन स्टेशनवरून रात्रीची कॅलेडोनियन स्लीपर आहे. रात्री झोपायचं, सकाळी उठून खिडकीतून हरणं बघायची आणि एव्हिमोरला उतरायचं. एडिंबराहून दिवसाची गाडी साधारण तीन तासांत पोचवते. व्हिसा नेहमीचा पाहुण्यांचा. कागद वेळेत गोळा कर.

कपडे एकावर एक. जाड एक कोट नेण्यापेक्षा पातळ चार थर बरे, कारण एका दिवसात ऊन, पाऊस, गारा सगळं होतं. वर पाणी न शिरणारं जाकीट आणि विजार. बूट घोट्यापर्यंत. विजार मोज्यात खोचायची, कारण हेदरमध्ये गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. रोज रात्री अंग तपासायचं. मिज नावाची बारीक चावरी चिलटं मेच्या शेवटापासून सुरू होतात, म्हणून मेचा पहिला पंधरवडा उत्तम. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते.

खाणं: ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगांची चटणी नेली होती. भाकऱ्या पंधरा दिवस टिकल्या. चॅनोनरी पॉइंटला वाऱ्यात उभं राहून सगळ्यांनी चटणी-भाकरी खाल्ली. पेढे, तूप, दुधाचं काही नेऊ नकोस. आपल्याकडून दूध आणि मांसाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे.

आवाज लावून बोलावणं: एकदाही नाही. विणीच्या दिवसांत नराला वाटतं दुसरा नर हद्दीत शिरला. तो खाणं सोडून, घरटं सोडून भांडायला येतो. आपण फोटो काढून जातो, तो तासभर भेदरलेला राहतो. हे तुझ्या कट्ट्यावर नक्की सांग.

दुर्बीणधारी

लेख उत्तम. पण एक मनापासूनचं मत मांडतो. स्कॉटलंडलाच कशाला? डोंगरातले वसंतातले पक्षी बघायचे तर आपलं कुमाऊँ आहे. नैनितालपासून पंगोट, तिथून साततालला उतरायचं. मार्च-एप्रिलमध्ये बुरांश फुललेला असतो. चीर फेझंट, कोकलास, कलीज हे रानकोंबडे एकाच फेरीत होऊ शकतात. शेजारच्या गढवालात, वर चोपता-तुंगनाथला मोनाल. गाइड तिथले स्थानिक, पैसे आपल्याच डोंगरातल्या माणसाच्या हातात. विमानाचा धूर वाचतो तो वेगळाच.

माळचंडोल

@दुर्बीणधारी, मान्य आहे. लेक तिकडे नसती तर आम्हीही गेलो नसतो. ज्याला फक्त पक्षी बघायचेत त्यानं कुमाऊँलाच जावं. मी सहलीची शिफारस करायला नाही लिहिलं. पक्ष्यापासून किती लांब उभं राहायचं, हे तिथं ज्या शिस्तीनं पाळतात ते मला इथं सांगायचं होतं.

नान्नजवेस

मी नान्नजच्या शेजारच्या गावचा. पक्षीवाल्यांच्या धाग्यावर सहसा लिहीत नाही. पण विचारताय म्हणून लिहितो.

इथलं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं तेव्हा ८,४९६ चौरस किलोमीटर धरलं होतं. त्यात आमची घरं, शेतं, विहिरी, तालुक्याची गावं सगळं आलं. जमीन विकायची म्हटलं की परवानगी, विहीर खणायची म्हटलं की परवानगी. पुढं क्षेत्र कमी करून १,२२२ वर आणलं, पण त्यात कितीतरी वर्षं गेली. माझ्या चुलत्यानं पोरीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला काढली, तर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलता हलता लग्नाची तारीख निघून गेली. त्या दिवसापासून आमच्या घरात माळढोक म्हटलं की आजी उठून जायची. आणि हीच आजी आधी सांगायची, की पेरणीच्या वेळी माळढोक दिसला तर पाऊस बरा.

तर ताई, तिकडच्या गावच्या माणसाला कुणी विचारतं का? का सगळं पाहुण्यांसाठीच?

माळचंडोल

@नान्नजवेस, तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. आजीचं वाचून थांबले. परत वाचलं.

तिथंही सगळं गोड नाही. समुद्री गरुड तिकडे पूर्ण संपला होता. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली. १९८५ साली मल बेटावर पहिलं पिल्लू रानात वाढून उडालं. आज तो पक्षी बघायला लोक मलला जातात, तिथल्या खानावळी त्यावर चालतात. पण त्याच किनाऱ्यावरचे छोटे मेंढपाळ म्हणतात, आमची कोकरं उचलतो. ते भांडण अजून चालू आहे. सरकारी निसर्गखातं मेंढपाळांशी बोलून मदतीची योजना चालवतं, आणि ती पुरत नाही असंही मेंढपाळ म्हणतात. आपल्याकडे लांडगा आणि धनगर यांचं जे आहे तेच.

आणखी एक. तिथल्या डोंगरांचे मोठमोठे तुकडे खासगी मालकीचे आहेत आणि कित्येक ठिकाणी ग्राउसच्या शिकारीसाठी राखलेले. त्या माळांवर गरुड नाहीसे होत होते. २०२४ साली कायदा करून शिकारीला परवाना लावला. म्हणजे तिथंही जमीन कुणाची, पक्षी कुणाचा हा वाद आहेच.

मला जे चांगलं दिसलं ते असं. बोट ऑफ गार्टन नावाचं गाव स्वतःला कैकरांचं गाव म्हणवतं. पाटीवर तो पक्षी आहे. आमच्या हॉटेलात भांडी घासणाऱ्या मुलाला यंदा मादी कोणत्या तारखेला आली ते ठाऊक होतं. त्याला तो पक्षी ओझं वाटत नव्हता, कारण त्या पक्ष्यानं त्याच्या घरची जमीन अडवली नव्हती. तुमच्या चुलत्यांचा कागद ज्या टेबलांवर अडला, ती टेबलं माळढोकाच्या नावानं बसली होती. पक्ष्याचा दोष नव्हता. पण तुम्हाला तिथं पक्षीच दिसणार, हे आज मला पहिल्यांदा नीट कळलं. आम्ही शहरातून गाडीनं यायचो, माळढोक बघायचो, गावात चहासुद्धा न पिता परत जायचो.

नान्नजवेस

आता बोललात ते पटलं. माळढोक तर आता आम्हालाही दिसत नाही. पूर्वी आम्ही पोरं मेंढरं घेऊन जायचो तेव्हा सहा-सात एका वेळी बघितलेत. आता वर्ष वर्ष जातं. पण माळ आहे अजून. काळवीट आहेत, लांडगे आहेत, हिवाळ्यात भोवत्या, म्हणजे हॅरियर हे शिकारी पक्षी येतात, संध्याकाळी एका गवताच्या पट्ट्यात शंभर-शंभर उतरतात. हे बघायला कुणी येत नाही. सगळे माळढोक दिसला का एवढंच विचारतात आणि नाही म्हटलं की गाडी वळवतात.

भोवत्या

आयडी वाचूनच धाग्यावर आलो. नान्नजवेस म्हणतात ते अगदी खरं. सोलापूरच्या माळावर धाविक, पखुर्डी, चंडोलाचे चार-पाच प्रकार आहेत. झाडं नाहीत म्हणून लोक याला पडीक म्हणतात आणि झाडं लावायला निघतात. माळावर ग्लिरिसिडियाची झाडं लावली की माळढोकाची जागा गेली. त्याला मोकळं दिसायला लागतं. ताईंनी लिहिलेल्या ब्लॅक ग्राउसलाही मोकळी हेदरची जागा लागतेच ना?

ताईंच्या प्रश्नाला माझं उत्तर: विणीच्या दिवसांत, म्हणजे जून ते ऑक्टोबर, माळढोकाच्या नाचायच्या जुन्या जागांकडे कुणीच फिरकू नये, आम्हीसुद्धा. एखादा चुकून उरला असेल, आला असेल, तर त्याला ती जागा मोकळी मिळाली पाहिजे. आणि बाकीचा माळ मात्र लोकांना भरपूर दाखवावा. गावातल्याच पोरांनी दाखवावा, पैसे घेऊन.

माळचंडोल

@भोवत्या, हो, लागते. नाचायला मोकळी जागा आणि लागूनच लपायला झुडूप. आमचा गाइड म्हणाला की रान आणि माळ यांची शीव हेच त्याचं घर.

जैसलमेरजवळ २०१९ पासून माळढोकाची अंडी उबवून पिल्लं वाढवायचं काम चालू आहे. ती पिल्लं कधीतरी मोकळ्या माळावर सोडायची वेळ येईल तेव्हा माळ शिल्लक पाहिजे. कॅपरकेली आणि समुद्री गरुड दोन्ही बाहेरून आणून सोडलेले आहेत, आणि जिथं जागा नीट होती तिथंच टिकले.

तुमचं उत्तर मला पटलं. @नान्नजवेस, तुमच्या गावातली दोन-तीन पोरं तयार असतील तर मी पक्ष्यांची ओळख शिकवायला येईन. शिकवायचा माझा धंदाच होता, बत्तीस वर्षं.

नान्नजवेस

तीन आहेत. एक दहावीला, दोघं बारावी झालेले. त्यांना नावं माहीत नाहीत पण कुठला पक्षी कुठं बसतो ते झोपेत सांगतील. दिवाळीनंतर या. भोवत्या तेव्हा येतात.

पहिल्यांदाच

काकू मीही येऊ का? माझ्याकडे दुर्बीण नाही.

माळचंडोल

ये. ह्यांची जुनी दुर्बीण आहे, ती तुला देते. दिवाळीनंतरचा पहिला रविवार धरू. @उजनीकाठ, तुम्हीही या, पोरांना तुमचं नाव लांब उभी करण्याचं सांगा.

वनखात्याची परवानगी मी काढते. सोलापुरातल्या सात रस्त्यावरून दुपारी दोनला निघू. गाड्या गावातच लावायच्या, पुढं चालत. मळके किंवा मातकट कपडे घाला, पांढरा सदरा नको. संध्याकाळी भोवत्या उतरायच्या तासभर आधी बसायचं आणि अंधार पडेपर्यंत उठायचं नाही. चहा नान्नजवेस यांच्या घरी. भाकरी-चटणी मी आणते, आजींना विचारून ठेवा तिखट किती चालतं.

नान्नजवेस

आजी म्हणते तिखट आणा, आणि भाकरी इथली खा.